डावीकडं बसून बोल

कंपनीच्या कँटीनमध्ये पंखे घरघरत होते, ताटं आदळत होती... आणि नीलमच्या उजव्या बाजूनं कुणीतरी पुन्हा पुन्हा काही विचारत होतं. तिला पत्ताच नव्हता.

शेवटी तो समोर आला. उंच, सावळा. "एवढा भाव? इथं बसू का, एवढंच इचारलं."

"भाव न्हाई. उजवा कान लहानपणीच गेलाय." नीलमनं मान ताठ ठेवूनच सांगितलं. "शांततेत चालतं. पण गोंगाटात त्या बाजूनं बोललं, की कायबी कळत न्हाई. डावीकडं या, मग बोला."

तो ताट घेऊन वळसा घालून आला. "मी रविराज. खुटबावचा. आता... येतंय ऐकू?"

"येतंय. पण एवढं जवळ यायची गरज न्हाई!"

तो लाजला. कारेगावच्या आपल्या भाड्याच्या खोलीवर पोचली, तरी नीलमला त्या लाजण्याचंच हसू येत होतं...

मग तो रोजच डावीकडं बसू लागला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. लग्नाला घरचेही तयार झाले. फक्त नीलमच्या आईनं, गिताबाईंनी, बजावलं, "साखरपुडा होईस्तोवर कानाचं बोलायचं न्हाई."

रविराजही चाचरत म्हणाला, "आत्याला मी नंतर सांगतो. तेवढं... सांभाळून घे ना."

नीलमनं नुसतं त्याच्याकडं रोखून बघितलं.

साखरपुड्याच्या दिवशी खुटबावच्या मांडवात स्पीकर दणाणत होता. स्टेजवर नीलम रविराजच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसली.

"अगं, नवरीनं डाव्या हाताला बसायचं असतं!" त्याची आत्या झुंबरबाई पुढं आली.

"तिकडं बसले, तर ह्यांचा एक शब्द कळायचा न्हाई, आत्या. उजव्या कानानं मला ऐकू येत न्हाई."

"म्हंजी... बहिरी?"

"एका कानानं. आज लपवलं, तर जलमभर लपवावं लागंल. चालत नसंल, तर ही मी खाली उतरले."

ती खरंच उठली. रविराजनं तिचा हात धरला — सगळ्यांदेखत. "आत्या, मला ठाऊक होतं. भ्यालो, म्हणून बोललो न्हाई. नीलम इथंच बसंल."

आत्या फणकाऱ्यानं खाली उतरली. नीलम बसली, पण हात तिनं सोडवून घेतला.

"नीलम..." स्पीकर तसाच दणाणत होता. तो तिच्याकडं झुकला. "तू मला लई आवडतीस."

शब्द न् शब्द कळला. गाल तापले, तरी ती समोरच बघत राहिली.

"एवढ्या हळू? आत्याला कसं ऐकू जाणार?" ती म्हणाली. "माईक घे."

रविराज कानापर्यंत लाल झाला... आणि उठला.