आबांची हाक

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून रस्त्यात पळवतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्या, आणि पुढं मालकाची सायलेन्सर काढलेली बुलेट. आमच्या आबांना, गणपतरावांना, गाडीची गरज कधी लागली नाही. "मोनाऽऽ" अशी हाक टाकली की त्यांची म्हैस गर्दी चिरून त्यांच्यापाशी यायची. मी डॉक्टर झाले त्याचा नसेल एवढा अभिमान मला त्या हाकेचा आहे.

यंदा दसऱ्याला आबांचं अर्धं तोंड लुळं पडलं. ओठ मिटेनात, मोनातला 'मो' फुटेना. तपासताना गुडघ्यामागं वाटीएवढं तांबडं कडं दिसलं.

"कवापासनं हाय हे?"

"मलकापूरच्या रानात म्हशी घेऊन गेलतो तवा गोचीड चावली. नायटा आसंल म्हटलं."

"मग बोलला का न्हाय?"

"गणपतरावाच्या गोठ्यात गोचीड हाय म्हणून गावभर डंका व्हईल की!"

अब्रूपायी ताप आणि सुजलेले गुडघे गिळून बसले होते. गोचीड रक्त पिताना जंतू आत सोडते. आधी कडं, मग ताप, सांधे, चेहऱ्याची नस. रिपोर्टही तेच बोलला, लाइम नावाचा गोचिडीचा आजार. आपल्याकडं विरळाच. कडं उठलं तेव्हाच सांगितलं असतं तर थोडक्या गोळ्यांत भागलं असतं. आता तोंड सरळ व्हायला वेळ लागणार होता.

उपटलेली गोचीड आबांनी तंबाखूच्या डबीत दडवली होती. तपासणीसाठी मी ती बाटलीत घालून गोठ्याकडच्या खिडकीत ठेवली. रक्त प्यालेली गोचीड बरेच दिवस जगते, हे मला ठाऊक होतं. उपाशी राहून फुगते, हे नव्हतं; ही मात्र रोज फुगत होती. मोना वैरण सोडून खिडकीकडं कान टवकारायला लागली.

पाडव्याला घरी पाहुण्यांची पोरं होती, म्हणून बाटली मी पर्समध्ये टाकली.

"आबा, यंदा ऱ्हाऊ द्या."

"न्हाय आली तर म्हस इकतो, अनू," ते बोबड्या तोंडानं म्हणाले. "पर हाक मीच मारनार."

भादरलेली, तेल लावलेली मोना रस्त्याच्या पार त्या टोकाला उभी होती. आबांनी तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. त्यांनी ओठांवर हात दाबला.

आणि हाक आली.

"मोनाऽऽ!" खणखणीत, पूर्वीसारखी.

मोना उधळत आली. शिट्ट्या, गुलाल, "नाद खुळा!" अभिमानानं माझे डोळे भरले.

ती आबांना ओलांडून माझ्यापाशी थांबली. पर्सला नाक लावून उभी राहिली.

आबांचा हात अजून तोंडावरच होता. माझ्याकडं बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"अनू," पर्समधून आबांच्या आवाजात हळूच हाक आली.

सवयीनं मी ओ दिली.