उघाडीवरचा कॅमेरा

अमावस्येचं उधाण आमच्या रेवदंड्याच्या खाडीत भर दुपारीच चढतं. त्या दुपारी हेमालीला काम एवढंच होतं, की भरतीआधी बांधावरचा कॅमेरा नीट चालू करून द्यायचा. न्हावा शेवा बंदराच्या यार्डात नेटवर्क सांभाळणारी पोर, मुद्दाम सुट्टी काढून आली होती.

बांधातून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं जे दार, ती उघाडी. तिच्याजवळ बांध फुटून खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन भाताला मुकते. हेमालीचा आजा भागोजी तिथेच गेला. खांड बुजवता बुजवता भरतीने त्याला ओढून नेलं, पण बांध राहिला. त्या घराचं नाव गाव अजून मान वर करून घेतं.

तिच्या वडिलांना, दत्तात्रेयांना, हा कॅमेरा पसंत नव्हता. "बांध डोल्यांनी राखायचा असतो गो," ते म्हणाले आणि पंपाच्या शेडबाहेर माणसांत जाऊन बसले.

शेडमधल्या कॉम्प्युटरवर चित्र यायचं आणि जायचं. उघाडीपर्यंतची वायर लांब, त्यात खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली. शंभर एमबीपीएसचा वेग तिला पेलत नव्हता. अति घाई संकटात नेई, हे घाटातल्या पाटीला कळतं, यंत्राला नाही. हेमालीने नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची सेटिंग उघडली, 'ऑटो' काढलं आणि वेग दहावर बांधून टाकला.

चित्र टिकलं. उघाडीशी कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस पाठमोरा उभा होता आणि बांधाच्या कुशीला चिखल लावत होता. शेडचं दार बंद असूनही आत ओल्या चिखलाचा वास भरला.

"बाबा... उघाडीवं कोन गेलाय?"

"कोन न्हाय. सगली हितंच हायत..." म्हणत दत्तात्रेय आत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. माणसाकडे नाही, त्याच्या हाताकडे. "चिखल कुठं लावतोय त्यो?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी फावडं उचललं. माणसं मागोमाग धावली. नेमक्या त्याच जागी खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपत होतं, माती सुटायला लागली होती. त्यांनी बीळ बुजवलं, गोणी रचल्या. भरती बांधाला धडका देऊन परत फिरली. पाण्यात मात्र कुणीच नव्हतं.

दत्तात्रेय छातीपर्यंत चिखलाने माखून एकटेच परतले आणि लेकीशेजारी बसले. "तुझा आजा हाय तो. अजून बांध सोडला न्हाय त्यानं."

हेमालीला भीती वाटत होती आणि ऊर भरूनही आला होता. खात्री करायला तिने वेग पुन्हा शंभर केला. क्षणभर चित्र स्वच्छ आलं, उघाडी रिकामी, आणि लगेच गेलं. तिने परत दहा केला.

आता पाण्यात दोघं होते. दुसऱ्याने चिखल उचलायला मान वळवली, तेव्हा तिला चेहरा दिसला.

"बाबा... तुमी..."

तिच्या खांद्याला टेकलेला दत्तात्रेयांचा ओला खांदा तिला जाणवत होता. त्यांनीही तो पाहिला. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"बापाशेजारची जागा हाय ती, पोरी. कुनालाबी न्हाय गावत."

ती रडत वेग बदलायला वळली, तसा त्यांनी तिचा हात धरला. तो हात थंडगार होता, त्याला नाडी लागत नव्हती.

"ऱ्हाऊ दे. ह्योच वेग ठेव."

पडद्यावरचे दत्तात्रेय तोवर पुन्हा पाठमोरे झाले होते आणि बापाच्या जोडीने चिखल लावत होते.