फोटोत उमटलेली सेफ्टी पिन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, तृप्तीच्या बाबतीत. बुऱ्हाणपूरला, राजपुऱ्यातल्या एका तपासणी केंद्रात, वैशाखातल्या भर दुपारी.

तृप्ती तिथे बायकांच्या छातीच्या गाठी शोधायचे एक्स-रे काढते. कॉम्प्युटर ते फोटो उजळतो, बारीक डागही ठळक करतो. मग ते इंदूरच्या डॉक्टरांकडे जातात.

आदल्या वर्षी जसोंडी गावच्या रंभाबाई आल्या होत्या. मंगळसूत्र काढायला तयारच होईनात.

"मालक बाहेर बसले आहेत, बाई. गळा रिकामा कसा करू?"

तृप्तीने ते खांद्यामागे सारलं. ऐन वेळी ते घसरलं. फोटोत मणी उमटले, त्यात अडकवलेली वाकडी सेफ्टी पिनही उमटली. असा फोटो डॉक्टर परत पाठवतात. रंभाबाईंची तर बस सुटायला आली होती.

तृप्तीने माउस फिरवून मणी पुसून टाकले. फोटो कसा लख्ख झाला!

काही महिन्यांतच रंभाबाई छातीच्या कॅन्सरने गेल्या. सवाष्ण गेल्या, मंगळसूत्रासकट चितेवर चढल्या. तृप्तीने मूळ फोटो उघडला.

मण्यांच्या मागे... गाठ होती.

पण ती कुणाशी बोलली नाही.

आणि त्या दुपारी रंभाबाईंची मुलगी आली. नाव भूमिका. लग्न न झालेली. गळ्यात साधा दोराही नाही.

फोटो साफ निघाला. तृप्तीचा जीव भांड्यात पडला. तिने तो उजळायला लावला.

लाइट गेली नाही. पंखा थांबला नाही. फक्त आवाज आला...

मशीनवर मणी घासल्याचा.

पडद्यावर हळूहळू एक माळ उमटली. आणि तिच्या टोकाला... वाकडी सेफ्टी पिन.

"भूमिका, गळ्यात काही आहे का गं?"

"नाही दीदी. क्या हुआ?"

तृप्तीचा हात सवयीने माउसकडे गेला... आणि थांबला. तिने पुन्हा फोटो काढला. मणी तिथेच. त्यांच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा डाग.

तिने फोटो पाठवला आणि डॉक्टरांना फोन लावला. "सर, मण्यांच्या मध्ये बघा."

"कसले मणी?" डॉक्टर म्हणाले. मग माउसची टकटक ऐकू आली. "पण डाग आहे. लगेच बोलवून घ्या तिला."

भूमिका वाचली. ऑपरेशननंतर घरच्या बागेतली केळी घेऊन भेटायला आली.

"दीदी, आईचा फोटो पण तुम्हीच काढला होता ना? तिची गाठ दिसलीच नाही म्हणे. नसीब."

"हो," तृप्ती म्हणाली. ती केळी तिने घरी नेली, पण खाल्ली नाहीत.

मणी पुन्हा कधीच दिसले नाहीत.

आता फोटो साफ आला, की तृप्ती घाबरते. मणी घासल्याचा आवाज येतो का, म्हणून कान देऊन उभी राहते...

मशीनपाशी उभी असलेली बाई विचारते, "झालं का, ताई?"

तृप्तीला 'हो' म्हणवत नाही.