वॉरंटाबाहेरची फाईल

विस्कॉन्सिनच्या जानेवारीत गाडीची बॅटरी बसली, की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. कर्स्टन कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंगला लाखोली वाहत बसली होती, तेवढ्यात शेजारच्या गाडीतून एक मुलगा उतरला. कानटोपी भुवयांपर्यंत, हातात केबल.

"शिव्यांनी चालू होत नाही," तो म्हणाला. "मी करून पाहिलंय."

"मग कशानं होते?"

"माझ्या बॅटरीनं. बॉनेट उघड."

त्याचं नाव तौ व्हांग. दोघं एकाच वर्गातली निघाली. कायदा, गुन्हे आणि कॉम्प्युटरमधून पुरावे शोधून काढायची विद्या! ती पहाटे पेट्रोल पंपावर गल्ला सांभाळून यायची, तो मामाच्या दुकानात भाजी लावून. मग काय, शेजारची खुर्ची रोजचीच झाली.

"आज बॅटरी कशी आहे?" तो विचारायचा.

"कोणाची?"

"गाडीची गं... दुसरी कोणाची?" आणि कान लाल.

दुडेक बाई शिकवायच्या. तीस वर्षं पोलिसात काढलेली बाई, डोळ्याला डोळा भिडवला की माणूस न केलेला गुन्हाही कबूल करील. त्यांनी प्रत्येकाला घरचा जुना पेनड्राइव्ह आणायला सांगितला, त्यात चोरीच्या सायकलचे तीन फोटो टाकून पुसले आणि पेनड्राइव्ह आपसात बदलले. "झडतीचं वॉरंट फक्त फोटोंपुरतं आहे. बाकी काही दिसलं तरी उघडायचं नाही. आणि साक्षीत एकदा खोटं बोललात, की कुठलाही सरकारी वकील तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही."

कर्स्टनच्या वाट्याला आला तौचा पेनड्राइव्ह. आता, पुसलेली फाईल जाते थोडीच! फोटो वर आले, आणि त्यांच्यामागून एक आवाजाची फाईलही आली. तिचं नाव होतं 'कर्स्टन'.

तुम्ही असता तर? जाऊ दे. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हेडफोन कानाला लावले.

"कर्स्टन, शुक्रवारी मासे खायला... छे, असं नको. हाय कर्स्टन! ...हे तर विमा विकल्यासारखं वाटतं." मागून त्याची आई हमोंग भाषेत ओरडली, तो म्हणाला, "अभ्यास करतोय गं!" कर्स्टन खो खो हसली. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "असं विचारायला हवं... की तिला नाही म्हणायचं असलं, तर सोपं जाईल."

तिचं हसू जागच्या जागी विझलं. एवढं जपून बोलायला निघालेला मुलगा, आणि आपण दाराआड कान लावून त्याला हसलो! तिला स्वतःचीच लाज वाटली. तरीही अहवालात तिनं लिहिलं, 'उघडलेल्या फाईली तीन', आणि आठवडाभर तौच्या नजरेला नजर दिली नाही. तो बिचारा विचारत राहिला, "बॅटरी डाउन का गं?"

मग वर्गात खोटं कोर्ट भरलं. बाई न्यायाधीश, कर्स्टन साक्षीदार, आणि चिठ्ठ्या टाकल्या तर बचावाचा वकील कोण? तौ! मामाचा कोट घालून आला होता, बाह्या बोटांपर्यंत.

"साक्षीदारबाई," तो गालात हसत म्हणाला, "वॉरंटाबाहेरची एखादी फाईल तुम्ही उघडलीत का?"

ठरलेला प्रश्न. 'नाही' म्हटलं की सुटली. कोणाला कळणार होतं? तो पुढचा प्रश्न काढायलाही लागला होता, इतका त्याचा तिच्यावर भरवसा. तोच तिला सोसवेना.

"हो," ती म्हणाली. "एक."

"को... कोणती?"

"आवाजाची. नाव... नाव सांगायला लावू नका."

तौला कळलं. मान, कान, कपाळ, सगळा लाल झाला. हातातला कागद त्यानं दोनदा घडी केला. "आणखी प्रश्न नाहीत," तो पुटपुटला.

"अहवाल खोटा, म्हणून शून्य," दुडेक बाई म्हणाल्या. "साक्ष खरी, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा करायचा. बस खाली."

संध्याकाळी कर्स्टन पार्किंगमध्ये पोचली. किल्ली फिरवली... खट. पुन्हा खट. आजच मेलीला बसायचं होतं! तौ आला, केबल लावू लागला.

"किती ऐकलंस?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"शेवटपर्यंत."

"आईचंही?"

"आईचंही."

"हसलीस?"

इथं ना कोर्ट होतं, ना शपथ. "हो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आधी हसले. मग फार लाज वाटली रे. अजून वाटतेय."

गाडी घुरघुरली, चालू झाली. त्यानं केबल गुंडाळली. "मी आता विचारणार नाही," तो हळूच म्हणाला. "आत्ता विचारलं, तर तू लाजेकाजेनं हो म्हणशील." आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

बरोबरच होतं त्याचं. कर्स्टननं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन तोंडाशी धरला. बोलली, अडखळली, पुसलं नाही, तसंच पाठवून दिलं. मग खाली उतरून त्याच्या काचेवर टकटक केली.

"एक फाईल पाठवलीय. माझ्या मर्जीनं. वॉरंट लागत नाही."

बंद काचेआड त्यानं फोन कानाला लावला. "तौ, शुक्रवारी मासे खायला... छे! हे पण विमा विकल्यासारखंच वाटतं. येशील? नाही म्हणालास तरी चालेल, खरंच." तो खो खो हसला. हसू दे! तेवढं तिचं देणं होतंच. पण तो थांबेपर्यंत तिचा जीव खालीवर होत राहिला.

मग काच खाली आली.

"सात वाजता," तो म्हणाला. "आणि गाडी माझी घेऊ. तुझ्या गाडीचा भरवसा नाही."