निळ्या चाकांचा टेम्पो

"झाला का निळ्या खडूंचा चुरा?" भिंगरीने विचारलं.

"दोन डबे भरून!" तिच्या मित्राने, चष्मिसने, नाक पुसलं, तर नाकही निळं झालं!

टिल्लू खो खो हसला. तो कितीतरी दिवसांनी हसत होता, त्यामुळे भिंगरीला फार बरं वाटलं. तिच्या या धाकट्या भावाचा एक पाय अधू होता. त्याला बसता येईल असा, पाठीला टेकण असलेला झोपाळा गावात एकच, तोही पालिकेच्या बागेत. आणि नेमकं सुट्टी लागताच फाटकाला कुलूप! वर पाटी: 'झोपाळे मोडके. आत येऊ नये.' उद्या तर ते उपटूनच टाकणार होते.

"मोडके म्हणे! मग वाळूच्या हौदात चाकांचे ठसे कसे?" भिंगरी फणकारली. "झोपाळ्यांना चाकं फुटली की काय?"

तिघांनी कुंपणाच्या फटीतून सगळा चुरा हौदात उडवला.

सकाळी पालिकेच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या. बागेचे व्यवस्थापक हात जोडून म्हणाले, "सुट्टी लागल्यापासून आत चिटपाखरूही फिरकलेलं नाही, बाई."

"खोटं!" भिंगरी ओरडली.

"ए पोरी, मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस!"

टिल्लूने हात घट्ट धरला, तशी भिंगरी म्हणाली, "घालणार! खेळणं हा आमचा हक्क आहे! आणि आमच्याबद्दल ठरवताना आमचं ऐकून घ्यायचं, हे जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी कबूल केलंय. माझी मावशी वकील आहे, तिनेच सांगितलंय!"

अधिकारी बाई थबकल्या. "बोल, बाळ."

तेवढ्यात मागचं फाटक करकरलं आणि फर्निचरवाल्याचा टेम्पो बाहेर आला. चारही चाकं निळीशार!

"काका," टिल्लूने भाबडेपणाने विचारलं, "टेम्पो झोके घ्यायला येतो का हो?"

व्यवस्थापकांनी टेम्पोला घाईघाईने मागे जायची खूण केली. पण ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, झोपाळे निघाले की दुसरा टेम्पोही इथेच लावतो हं!"

झालं! बाईंनी स्वतः झोपाळे हलवून पाहिले. सगळे ठणठणीत! पाटी उतरली, कुलूप निघालं आणि व्यवस्थापकांना दुपारी कार्यालयात हजर व्हायचा हुकूम मिळाला.

"शाब्बास रे पोरांनो! चूक आमचीही आहे. आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "यापुढे बागेचं काहीही ठरवताना तुमचं ऐकणार."

टिल्लू केव्हाच झोपाळ्यावर बसला होता.

"मग आत्ताच ऐका ना! जोरात झोका द्या!"

बाईंनी पदर खोचला.