लालासाहेबांच्या चित्रावरच्या माशा

डोळे मिटा बरं, पण नाक उघडं ठेवा! १९७४ सालची नाताळची सुट्टी आहे. नाथाजी गुरुजींनी वर्गातल्या पोरांना चित्रं काढायला उंब्रजजवळच्या ओढ्याकाठी नेलंय. तुम्हीही बसा. मांडीवर कागद, शेजारी पाण्याची वाटी. हं, रंगवा!

विजयमालाही अशीच रंगवत होती. पण तिच्या चित्रावर माशाच माशा!

"शी! आभाळाला गूळ फासलास का काय गं?" अर्जुना ओरडला. त्याच्या कागदावर एकही माशी नव्हती.

"तू पाणी कुठलं घेतलंस?"

"गुरुजींच्या कळशीतलं, विहिरीचं. तू?"

"ओढ्याचं."

तिने वाटी नाकाशी नेली. आंबूस, गोडसर, सडका वास! आणि समोर, माणदेशातून मेंढरं घेऊन आलेल्या राहीबाई त्याच ओढ्यात घागर बुडवत होत्या!

"आवं मावशी, हे पाणी पिता तुमी?"

"मग काय करू, पोरी? विहीर लय लांब हाय. नातवाचं पोट चार दिस झालं बिघडलंय, त्याला सोडून कशी जाऊ?"

कागद, रंग आणि वाटी घेऊन विजयमाला आणि अर्जुना काठाकाठाने वर निघाले. वास वाढत गेला. वळणावर लालासाहेबांचं गुऱ्हाळ! उसाचा रस उकळताना वर येणारी काळपट मळी गडी सरळ ओढ्यात ओतत होते. काठावर साचलेल्या मळीत किडे वळवळत होते.

"काका, ही घाण पाण्यात?" अर्जुनाने नाक दाबून लालासाहेबांना विचारलं.

"घाण कसली रं? उसाचीच हाय की! पाण्यात गेली, इरून गेली!"

विजयमाला गोड हसली. "मग ह्याच पाण्यानं तुमचं चित्र काढू, काका?"

लालासाहेबांनी फेटा नीट केला, मिशीला पीळ दिला. चित्र झालं मात्र, पहिली माशी मिशीवर बसली. मग डोळ्यांवर, ओठांवर, साऱ्या तोंडावर! गडी खो खो हसू लागले.

"हाकल त्यास्नी! किळस येती!"

"तुमाला कागदावर किळस येती, काका. खाली मेंढरंवाल्या राहीबाईंचा नातू हेच पाणी पिऊन चार दिस आजारी हाय!"

लालासाहेबांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग ते गड्यांवर ओरडले, "खड्डा काढा रं, लांब, त्या बांधापल्याड! थेंबबी ओढ्यात जाता कामा न्हाई. आन् गाडी जुंपा, पोराला दवाखान्यात न्यायचंय!"

मागून आलेल्या गुरुजींनी चित्र उचललं. "पोरी, नाक जमलेलं नाही. पण माणूस अगदी नेमका दाखवलास!"

सगळे हसले. गड्यांनी खड्डा काढताच विजयमालाने आपली वाटी उचलली, ती बांधापल्याड गेली, आणि ते घाण पाणी नव्या खड्ड्यात ओतून आली.