सहाला दहा कमी असताना

"माझ्या नाकाकडे बघा," ती म्हणाली.

गिऱ्हाईक गोंधळलं. अनोळखी बाईच्या नाकाकडे बघण्याचं निमंत्रण त्याला बहुधा यापूर्वी मिळालेलं नसावं. पण दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं तर समोरासमोर बसावं लागतं, पट्टी भुवयांखाली धरावी लागते आणि गिऱ्हाइकाला आपली नजर कुठेतरी ठेवावी लागते. मामाच्या चष्म्याच्या दुकानात सात वर्षं भिंगं घासता घासता तिने हजारभर माणसांना आपल्या नाकाकडे बघायला लावलं होतं, आणि त्यातल्या एकालाही त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. हा मात्र बघायला लागला तो बघतच राहिला.

"झालं," ती म्हणाली. "आता दुसरीकडे बघितलंत तरी चालेल."

"हो… म्हणजे… किती आलं?"

"त्रेसष्ट. आणि तुम्हाला जवळचं नीट दिसत नाही. हा नंबर लहानपणापासूनचा आहे. आजवर तुम्ही अंदाजाने जगलात."

"अंदाज बरा आहे माझा," तो तिच्या नाकावरून नजर न काढता म्हणाला.

तिने वहीत त्रेसष्टच्या जागी छत्तीस लिहिलं, खोडलं, आणि रागावल्यासारखा आवाज काढून काम काय करता म्हणून विचारलं. त्याने सांगितलं की तो इंटरनेटच्या तारा टाकतो. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर. केसाएवढी काचेची तार असते, तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर जगाचा कारभार चालतो. हे सांगताना त्याचा थाट असा होता, की जगाचा कारभार पाच मिनिटं त्याने केवळ चष्म्यासाठी थांबवून ठेवला असावा. कुठल्या कंपनीच्या तारा, ते त्याच्या खिशावर शिवलेलं होतं. तिने ते आत्ता वाचलं.

पट्टी खाली ठेवून ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच का ते?"

आता ती कशाबद्दल बोलत होती ते सांगायला हवं. दिवसभर भिंगं घासून ती पाच वाजता घरी जायची आणि साडेपाचला किल्ला लढवायची. हा किल्ला संगणकावर होता. पाच जणांची तुकडी, समोर दुसरी पाच जणांची तुकडी, आणि दोघांच्या मध्ये एक दरवाजा. तो दरवाजा तिच्याकडे होता. तिच्या तुकडीत एकाहत्तर वर्षांचे एक आजोबा होते, जे पुढारी होते. मुंगूस नावाचा एक संशयी गृहस्थ होता. आणि दोघी जुळ्या बहिणी, ज्या एकाच वेळी बोलायच्या. यातल्या कुणालाही तिने पाहिलं नव्हतं. पण तीन वर्षं ती दरवाजावर उभी होती आणि तीन वर्षं दरवाजा पडला नव्हता. तिची आई शेजाऱ्यांना सांगायची, मुलगी संध्याकाळी संरक्षणात असते.

गेल्या महिन्यापासून मात्र सहाला दहा कमी असताना लाईन पडू लागली. रोज पडायची असं नाही, पण पडायची तेव्हा त्याच मिनिटाला. पडली की किल्ल्यातली ती जागच्या जागी थिजायची, आभाळाकडे बघत. शत्रू तिला वळसा घालून आरामात आत जायचा. एकदा तर एकाने जाता जाता तिला वाकून नमस्कार केला होता. आणि सगळ्यांच्या पडद्यावर अक्षरं उमटायची: खेळाडू मैदान सोडून गेली.

ते वाक्य अकरा वेळा उमटलं होतं. पुन्हा जोडायला गेलं की चक्र फिरत राहायचं, फिरत राहायचं, आणि चक्र थांबेपर्यंत किल्ला गेलेला असायचा. "लाईन गेली" असं सांगायचीही सोय नव्हती. त्या जगात हरायला लागलेला प्रत्येक जण स्वतःच वायर उपटतो आणि लाईन गेली म्हणतो. म्हणून तिने एकदाही कारण सांगितलं नव्हतं. कारणं सांगणाऱ्यांतली ती नव्हती.

हे सगळं तिने लाईनवाल्याला ऐकवलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "माझी लाईन पडत नाही."

"पडते."

"सहा वर्षं झाली. एकाही गच्चीवर माझ्या हातच्या जोडणीत दोष निघालेला नाही. दोष तुमच्या घरात असेल."

"घरात माझी आई असते."

"मग त्यांनाही एकदा बघायला हवं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

गुरुवारी सकाळी तो आला. खोके, मापं, शिडी, सगळा सरंजाम. लाईन मापली, धडधाकट निघाली. टेबलाखाली शिरला, भिंतीमागे डोकावला, आणि दर वेळी बाहेर येऊन तिच्याकडे असा बघायचा की जणू तिथे तीच दोष लपवून बसली आहे. आई चहा घेऊन आली आणि दादा, दादा करत त्याच्या मागे हिंडली. तेवढ्यात आईला कळलं की दादा एकटा राहतो, स्वतः स्वयंपाक करतो आणि भांडीही घासतो. मग तिने दादा म्हणायचं बंद केलं.

गच्चीवर त्याने आपली पेटी उघडून दाखवली. खरंच देखणं काम होतं. तारेची वेटोळी एकावर एक, एकाच मापाची, इतकी आवळून बसवलेली की पेटीत सुई शिरायला जागा नव्हती. बाकीचे लोक तारा कोंबतात, तो म्हणाला, आपण विणतो. कारागिरी तिला कळत होती. छान आहे, हे तिच्या तोंडातून निघून गेलं, आणि लगेच तिने जोडलं, की छान असूनही पडते.

"आज पडली तर मला फोन करा," तो म्हणाला. "माझ्या स्वतःच्या नंबरावर. कंपनीच्या नको."

त्या संध्याकाळी सहाला दहा कमी असताना लाईन पडली. बारावी वेळ. तिने फोन केला नाही. आजोबांचा निरोप आला होता, आणि तो वाचल्यावर कुणाशीच बोलायची इच्छा उरली नव्हती. आजोबांनी नेहमीच्या सभ्यपणाने लिहिलं होतं की बेटा, कुणालाही कंटाळा येऊ शकतो, त्यात लाज नाही. रविवारी साडेपाचला सगळे बसू आणि दरवाजा दुसऱ्या कुणाला द्यायचा ते ठरवू. त्यांनी रागावून लिहिलं असतं तर ती निदान जेवली असती.

शुक्रवारी त्याचा चष्मा तयार झाला. तिने तो त्याच्या नाकावर बसवला, कानामागची काडी जरा वाकवली, आणि तो आरशाऐवजी तिच्याकडेच बघत राहिला.

"कसं दिसतंय?"

"बरंच," तो म्हणाला. "डाव्या गालावर एक तीळ आहे. हा… आधी नव्हता."

"होता," ती म्हणाली. "पैसे तिकडे मामाकडे."

शनिवारी दुपारी तो परत आला, चष्मा हातात धरून, चेहऱ्यावर तक्रार घेऊन. ती मनातून खूश झाली, कारण तिच्या हातचा चष्मा सात वर्षांत परत आला नव्हता आणि भांडायला एवढं चांगलं कारण बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की चष्म्यात दोष आहे. तपासणीसाठी तारेत लाल उजेड सोडतात. तार चांगली असली की तो थेट टोकाला जाऊन दिसतो, मध्ये कुठेही दिसत नाही. आज कामावर एका पेटीत त्याला वेटोळ्यांवर लाल ठिपके दिसले. चष्मा काढला, ठिपके गेले. लावला, आले.

तिने चष्मा यंत्रावर चढवला. दोनदा तपासला. मग त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "चष्मा बरोबर आहे."

"पण ठिपके…"

"ठिपके असतील. दोष तुमच्या पेटीत असेल."

हे वाक्य तिने चवीने उच्चारलं. पण तो हसला नाही. त्याने विचारलं, उजेड वळतो कसा, म्हणजे किती वळतो. भिंगं घासणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने कागदावर एक मोठं वळण काढलं आणि एक लहान. मोठ्या वळणावर उजेड काचेच्या आत राहतो. वळण फार तंग झालं की बाहेर सांडतो. तो त्या लहान वळणाकडे बराच वेळ बघत राहिला. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि निघून गेला. सबंध दुपार तिला उगीचच आपण काहीतरी फोडलं असं वाटत राहिलं.

रविवारी साडेपाचला पाच मिनिटं असताना ती संगणकासमोर ताठ बसली. केस नीट विंचरले होते, जरी तिथे कुणी तिला बघणार नव्हतं. जायचंच असेल तर मान वर करून जायचं, एवढं तिने ठरवलं होतं. तेवढ्यात आईने दार उघडलं आणि लाईनवाला आत आला. गुडघ्यांना गच्चीची धूळ, नाकावर चष्मा.

"मला त्यांच्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "तुमच्या तुकडीशी."

"माझी बाजू मांडायला मला कुणी नको."

"तुमची नाही. माझी मांडायचीय."

तिने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि कानावरचा हेडफोन काढून त्याची पिन उपटली, म्हणजे आवाज खोलीभर यावा आणि सगळ्यांना ऐकू जावं. पलीकडून आजोबा खाकरले. मुंगूस म्हणाला, सुरुवात करा, मला वेळ नाही. जुळ्या एकदम गप्प झाल्या, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी यांचा लाईनवाला. ही बाई मैदान सोडून गेली नाही. मी तिला बाहेर काढलं. बारा वेळा."

मग त्याने सांगितलं. गेल्या महिन्यात त्याने इथल्या गच्चीवरची पेटी नव्याने बांधली, आपल्या हौसेने, कुणी सांगितलं नसताना. वेटोळी फार आवळली. दिवसभर उन्हात पेटी फुगलेली असते तोवर चालतं. सहाच्या सुमाराला भिंतीवरचं ऊन उतरतं, पेटी आकसते आणि तार आणखी आवळली जाते. उजेड बाहेर सांडतो. तो तपासायला यायचा सकाळी, तेव्हा सगळं ठीक असायचं. आणि जवळचं त्याला दिसत नव्हतं. "सहा वर्षं मी सांगत आलो की माझ्या हातच्या कामात दोष नसतो," तो म्हणाला. "गुपचूप सैल करून निघून गेलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण मग दोष हिच्या नावावर राहिला असता." एवढं बोलून त्याने चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

 मग मुंगूस म्हणाला, हे सगळं छान आहे, पण पुरावा काय.

"सहाला दहा कमी होऊ द्या," तो म्हणाला.

खेळ सुरू झाला. ती दरवाजावर उभी राहिली. समोरच्यांना तिची कीर्ती ठाऊक होती. ते झाडांमागे आरामात बसले आणि घड्याळ बघत राहिले. सहाला अकरा कमी. आई चहा गाळायची थांबली. सहाला दहा कमी झाले तसे पाचही जण झाडांमागून निघाले आणि रमतगमत तिच्या दिशेने आले. पुढचा तर वाकलाही, नमस्कार करायला.

तो वाकलेला असतानाच तिने त्याला आडवा केला.

उरलेले चौघं दरवाजातच कामी आले. एकाला आजोबांनी तलवार चालवायची सोडून लाठीच हाणली, आनंदाच्या भरात. जुळ्या एकदम ओरडल्या. मुंगूस म्हणाला, मी पहिल्यापासून म्हणत होतो. दरवाजा तिच्याकडेच राहिला, त्यावर मत घ्यायचं कुणाला आठवलंही नाही. तिने तलवार खाली केली नाही. पण तिची नजर पडद्यावर नव्हती. दारात चहाचा कप धरून उभ्या असलेल्या, लाल कानांच्या त्या माणसाकडे होती, आणि छाती भरून आली होती ती दरवाजा राखल्यामुळे नव्हे. आपल्या कामाचा एवढा ताठा असलेला माणूस चार अनोळखी लोकांसमोर मान खाली घालतो, तेव्हा तो किती उंच दिसतो… हे तिला यापूर्वी कुठल्या भिंगातून दिसलं नव्हतं.

"बेटा," आजोबा म्हणाले, "एक विचारू? हा गृहस्थ तुझा कोण?"

लाईनवाला, असं सरळ सांगता आलं असतं. ते खरंही होतं. तिने तोंड उघडलं. "तो… म्हणजे तो माझा—" आणि थांबली. पलीकडे चौघं कान देऊन बसले होते. मुंगुसाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. महिनाभर जिला शिव्या घातल्या ती लाईन आत्ता, या घडीला पडली तर किती बरं, असं तिला वाटलं. तिने घड्याळ पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं. पडद्यावरचा किल्ला काचेसारखा स्वच्छ होता.

"पडणार नाही," तो दारातून हलकेच म्हणाला. आवाजात तोच जुना थाट होता. "बोला तुम्ही."

"माझा होणार आहे," ती म्हणाली. "त्याला अजून विचारलेलं नाही."

एकही अक्षर तुटलं नाही.